लोटे एमआयडीसीतली कंपनी बंद पडली. बेकारी भत्ता आणि फुकट उपचार मिळतील का?

पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात होता ना? मग दोन वाटा आहेत.

कंपनी बंद पडली किंवा कामगार कपात झाली असेल तर आधी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना बघा. किमान २ वर्षांची ईएसआय वर्गणी भरलेली लागते. पहिले १२ महिने सरासरी रोजाच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. भत्ता चालू असेपर्यंत तुम्हाला व कुटुंबाला ईएसआयचे उपचारही मोफत.

दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना: ५० टक्के, पण फक्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच. रोज सरासरी ६०० पडत असेल तर एकूण २७,००० रुपये. मुदत अधूनमधून वाढवली जाते, म्हणून अर्जाआधी योजना चालू आहे ना ते ईएसआयच्या शाखेत विचारा. गैरवर्तनावरून काढलेल्यांना किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ही मिळत नाही.

गाडी अडते ती बहुधा कागदावर. कंपनीने कारण 'स्वतःहून सोडली' असं टाकलं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. मालक गाव सोडून गेला की सही मिळवताना नाकी नऊ येतात. आधार आणि बँक पासबुकावरचं नावही अक्षरशः जुळायला हवं.

भत्ता नाही मिळाला तरी उपचार अडत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेला बेकारीचा दाखला लागत नाही: रेशनकार्ड, ओळखपत्र घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (तिथला योजनेचा मदतनीस) भेटा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, मात्र यादीतल्याच उपचारांना. साध्या तापा-खोकल्याला चिपळूण तालुक्यातलं कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय आहेच, तिथे केसपेपरही मोफत.