मला कुठे काय होतंय, मग डॉक्टर कशाला?

प्रश्न : माझ्या बाबांना नऊ वर्षं झाली शुगर आहे. गोळ्या रोज घेतात पण जुन्याच चिठ्ठीवर, डॉक्टरांना दाखवून दोन वर्षं होऊन गेली. विषय काढला की म्हणतात, मला कुठे काय होतंय. मध्ये त्यांच्या मित्राच्या पायाचं बोट काढावं लागलं तर दुसऱ्या दिवशी स्वतःहून रक्त देऊन आले, आणि रिपोर्ट आणायला मात्र गेलेच नाहीत. असं का करतात? ओढून न्यायचं का?

उत्तर : ताई, असे बाबा मी खूप बघितलेत, ते हट्टी आहेत म्हणून असं होत नाही हो. दाढ दुखली की माणूस रात्रीसुद्धा डेंटिस्ट शोधतो, शुगरचं तसं नसतं. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर आलं की डायबेटीस म्हणतात, पण साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, आणि सारखी तहान, सारखं बाथरूम हे सगळं त्यानंतर सुरू होतं, वय वाढलं की तर ती रेषा अजून वर सरकते, म्हणजे मधली कितीतरी वर्षं माणसाला आपण ठणठणीत आहोत असंच वाटत राहतं. डोळ्याचा पडदा खराब व्हायला लागला तरी नजर बराच काळ चांगली असते. पायाच्या नसा बधिर झाल्या की जखम दुखतच नाही, आणि दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही, मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेतल्या मानसशास्त्रज्ञांना असाच प्रश्न पडला होता, टीबीसाठी छातीचा एक्सरे फुकट काढून देतोय तरी लोक का येत नाहीत? त्यांच्या लक्षात आलं की हे मलाही होऊ शकतं आणि लवकर कळलं तर माझा फायदा आहे, या दोन्ही गोष्टी पटल्या तर माणूस येतो. नंतर त्यात अडचणी किती आहेत आणि निमित्त काय मिळतं हेही आलं. बाबांना मित्राचं बोट हे निमित्त मिळालं, पहिली गोष्ट पटली, दुसरी नाही पटली. रिपोर्ट वाईट आला तर इन्शुलिन सांगतील, म्हणजे आता संपलंच, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. खरं तर टाइप २, म्हणजे नेहमी दिसणाऱ्या डायबेटीसमध्ये वर्षं जातात तसं स्वादुपिंडाचं इन्शुलिन कमी पडत जातं, म्हणून काहींना ते बाहेरून द्यावं लागतं, त्यात पेशंटची चूक शोधायची नसते. हे त्यांच्याशी एकदा शांतपणे बोला.

ओढून नेऊ नका, आणि पाय कापतील अशी भीती तर अजिबात घालू नका, घाबरलेला माणूस रिपोर्टपासून अजून लांब पळतो. तुम्हीच तारीख घ्या, बरोबर जा, रिपोर्ट तुम्हीच आणा. एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करून घ्या, लाल पेशींना चिकटलेली साखर त्यात मोजतात, आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कळते, आदल्या दिवशी पथ्य पाळून तो आकडा बदलत नाही. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, आणि पायाच्या संवेदना तपासायच्याच. घरी रोज तळपाय बघा. पायाला जखम दिसली, डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा पडदा आला, किंवा उलट्या होऊन धाप लागली तर तारखेची वाट बघू नका, लगेच जा.

प्रश्न : शुगर वाढली की डॉक्टर ओरडतात म्हणून मीच तीन महिने टाळतोय. काय करू?

उत्तर : दादा, ओरडण्यामुळे पेशंट तुटतात हे डॉक्टरांनाही कळायला हवं, मला खरंच वाईट वाटतं याचं. आत गेल्या गेल्या सांगून टाका, "गोळ्या चुकल्यात, ओरडाल या भीतीने आलो नाही." चांगले डॉक्टर लगेच नरमतात. तरी नाही ऐकलं तर सरळ दुसरे डॉक्टर बघा, त्यात कसलाही अपमान नाही, फक्त जुने रिपोर्ट सोबत घ्या आणि गोळ्या मनाने बंद करू नका.