तेराव्या स्तोत्रापासून सुरुवात कर

जय ख्रिस्त, बाळा. आई गेल्यापासून प्रार्थना सुचत नाही म्हणालास. मग स्वतःचे शब्द शोधूच नकोस. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३वं स्तोत्र काढ, अवघी सहा वचनं. पहिल्या दोनांतच दावीद देवाला चारदा विचारतो, किती काळ? म्हणजे देवाशी भांडायची मुभा शास्त्रातच आहे. शेवटी तो गातो. तुला आज तिथवर जाववलं नाही तर मध्येच थांब. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते कुणी वगळलं नाही.

‘विश्वास कमी पडला’ म्हणणारे भेटतील. चहा पाजून वाटेला लाव. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा. त्याआधी आईवडील दुष्काळात गेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत. बाप्तिस्म्यानंतर तरी दुःख टळलं का? १९२१मध्ये लेक मनोरमाही गेली.

रविवारी मात्र ये. गाता नाही आलं तर मागच्या बाकावर बस, आम्ही गाऊ. आणि रात्री मोबाइलवर जगाच्या अंताचे व्हिडिओ बघत बसू नकोस, जेवून झोप. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत निजला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणीच दिलं. बुधवारपर्यंत डबा आमच्याकडून येईल.