आवारातलं लग्न आणि आजीचा चातुर्मास

प्रिय चिऊ,

तू दोन गोष्टी विचारल्यास. ऑक्टोबरमध्ये, घरामागच्या आवारात, मेपलखाली लग्न केलं तर ते मराठी पद्धतीचं म्हणता येईल का? आणि फोटो काढणाऱ्या तुझ्या मैत्रिणीला काय सांगायचं? फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

आधी आजीचं. ती नको म्हणते ते हट्टाने नाही. आषाढी एकादशीला देव निजतात आणि कार्तिकी एकादशीला उठतात, मधल्या चार महिन्यांत लग्न लावत नाहीत, हे ती लहानपणापासून पाळत आली आहे. तिच्या गावी पावसाळ्यात ओढे भरले की वऱ्हाड येणार कुठून? घरातली सगळी माणसं शेतात, आणि धान्य घरात यायला अजून अवकाश. देवाच्या निजण्याला हा असा जमिनीवरचा आधार होता. मात्र हा नियम सगळ्या भारताचा नाही. केरळात चिंगम महिना लग्नाचा मानतात, गुरुवायूरला तेव्हा मंडपापुढे रांग लागते, आणि तो महिना आपल्या चातुर्मासात येतो. आपल्याकडच्या पंचांगांतही आता अडचणीच्या वेळी चालतील असे चातुर्मासातले मुहूर्त दिलेले असतात. तेव्हा गुरुजींना विचारून त्यातला एक घ्यायचा. पितृपक्षात मात्र नको, तिथे मी आजीच्या बाजूने आहे.

कार्तिकी एकादशीपर्यंत थांबायला माझी ना नव्हती. पण ती बहुतेक नोव्हेंबरात येते. तोवर बॉस्टनच्या आसपासची झाडं ओकीबोकी झालेली असतात आणि ऐंशीच्या घरातल्या माणसांना उघड्यावर बसवत नाही.

आता आवार. ही सूट घेतोय असं तुला वाटतंय, ते मनातून काढून टाक. आपली लग्नं दारातच होत आली. अंगणात मांडव घालायचा, त्याआधी मुहूर्तमेढ रोवायची, तिला आंब्याचा डहाळा बांधायचा, बायकांनी उखळ-मुसळाची पूजा करून घाणा भरायचा. मंगल कार्यालयं नंतर आली, शहरात अंगणं उरली नाहीत म्हणून. आणि शरदातलं अंगणातलं लग्न आपल्याकडे अजून दरवर्षी लागतं. तुळशीचं. उसाचा मांडव, वृंदावनात चिंचा-आवळे, बाळकृष्ण आणि तुळस यांच्यामध्ये अंतरपाट, आणि शेजारपाजारची मुलं अक्षता टाकायला. तू लहानपणी डेकवरच्या कुंडीपुढे मंगलाष्टकं म्हणायचीस ती त्याच लग्नाची. आजीशी बोलताना तिथून सुरुवात कर. तारखेवरून वाद घालू नकोस, तिला विचार की मेढीची पूजा कशी करायची. ती सांगायला लागली की तासभर थांबणार नाही.

वेळ मी गोरज मुहूर्ताची धरतोय, गुरुजींचा होकार आला तर. सूर्यास्ताच्या आगेमागे, गुरं घरी परततानाची ही वेळ. दुसरा मुहूर्त जमत नसला की आपल्याकडे गोरजावर लग्न लावतात. ऑक्टोबरच्या मध्यावर इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. छायाचित्रकारांना याहून चांगला उजेड दिवसभरात मिळत नाही. तेव्हा मैत्रिणीला पुढचा भाग जसाच्या तसा वाचून दाखव.

वधूवर पूर्व-पश्चिम समोरासमोर उभे राहतात, मध्ये अंतरपाट. मंगलाष्टकं संपली की तो उत्तरेकडे काढून घेतात. म्हणून तिने दक्षिणेला उभं राहायचं. तिथून दोघांचेही चेहरे बाजूने दिसतील आणि अंतरपाट ओढणारा मामा आड येणार नाही. सूर्य तिच्या डाव्या हाताला असेल, किंचित पाठीकडे, कारण ऑक्टोबरात तो नेमका पश्चिमेला मावळत नाही, थोडा दक्षिणेकडे सरकलेला असतो.

आता त्या उजेडात काय होतं ते बघ. पश्चिमेला जो उभा असेल त्याची पाठ सूर्याकडे, चेहरा सावलीत. पण समोरचा पांढरा अंतरपाट उन्हात उजळतो आणि तोच उजेड त्याच्या चेहऱ्यावर परत टाकतो. पूर्वेकडचं माणूस त्या कापडाच्या सावलीत असतं, कापडातून गाळून आलेल्या मंद उजेडात. मग 'सावधान' होतं, अंतरपाट सरतो, आणि त्या चेहऱ्यावर एकदम पूर्ण ऊन येतं. समोरचं माणूस दिसणं आणि उजेड येणं एकाच क्षणी. हा फोटो तिने सोडायचा नाही. तेवढ्यासाठी दुसरा कॅमेरा पश्चिमेकडच्या पाटामागे, खांद्यावरून बघेल असा ठेवायचा. अंतरपाट पांढरा, सुती हवा. व्याहीणबाई त्यावर भरतकाम करणार आहेत, ते करू देत, पण कडेला. मधलं कापड मोकळं राहू दे.

अक्षता हवेत थिजलेल्या दिसायला हव्यात तर शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून मंद नको. शेवटच्या मंगलाष्टकाला सगळ्यात जास्त पडतात. मुंडावळ्यांची सावली गालावर येते, ती राहू दे, पुसायला जाऊ नये. हिरवळीची झाक खालून चेहऱ्यावर चढते, म्हणून पाटांच्या पुढे-मागे पांढऱ्या सतरंज्या. मांडवाचं कापडही पांढरंच हवं. केशरी कापडाखाली सगळे हळदीचेच दिसतात आणि तुझ्या अष्टपुत्रीचा पिवळा रंग त्यात हरवेल. नातेवाइकांचे ठरावीक गटफोटो चार वाजता उरकून टाकायचे. विधी चालू असताना 'इकडे बघा' म्हणायचं नाही, हे मी तिला हात जोडून सांगेन. सप्तपदीला तू तुझ्या पावलांकडे बघायचंस, कॅमेऱ्याकडे नाही.

होमाची मला काळजी आहे. 2024 च्या शरदात मॅसॅच्युसेट्समध्ये पाऊसच नव्हता आणि वाळक्या पानांना ठिकठिकाणी आगी लागत होत्या. म्हणून टाऊनच्या अग्निशमन खात्याला आधी विचारायचं, कुंड जमिनीवरून उचललेलं, खाली वाळू, बाजूला पाण्याच्या बादल्या, भोवतालची पानं झाडून घेतलेली. त्यांनी नाही म्हटलं तर समईच्या साक्षीने करू, गुरुजींशी बोलून ठेवतो.

कागदाचं थोडक्यात. लग्नाच्या लायसन्ससाठी टाऊन क्लार्ककडे दोघांनी जायचं, अर्जानंतर तीन दिवस थांबावं लागतं, आणि लायसन्स साठ दिवस चालतं. गुरुजी न्यू जर्सीहून येणार असल्याने त्यांना या राज्याचं प्रमाणपत्र आधी काढावं लागेल, ते माझ्याकडे लागलं.

सूर्य गेला की थंडी झपकन उतरते. आजी आणि तिच्या बहिणींसाठी खुर्च्यांवर शाली, आणि पंगत लगेच. लांब टेबलं मांडू, पण वाढणारे आपणच. मसालेभात, अळूचं फदफदं, जिलेबी, मठ्ठा. व्याह्यांकडच्या दोन मुलांनी वाढायला येऊ का म्हणून विचारलंय. त्यांना मीठ आणि लिंबापासून सुरुवात करायला शिकवतो.

पाट कुठे येतील ते मी होकायंत्र लावून चुन्याने आखून ठेवतोय. मैत्रिणीला येत्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला पाठव, म्हणजे शेजाऱ्यांच्या पाइनची सावली कुठवर येते ते तिला दिसेल. फार पुढे आली तर मांडव चार पावलं पूर्वेला घेऊ.

तुझा,
बाबा