‘टर्न ऑफ इट’ का चालत नाही?

प्रश्न: ऐरोलीच्या ऑफिसात मी ‘प्लीज टर्न ऑफ इट’ म्हटलं की सहकारी हसतात. ‘टर्न ऑफ द एसी’ला मात्र कुणी हरकत घेत नाही. असं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: ‘टर्न ऑफ’ हे इंग्रजीतलं तुटणारं क्रियापद आहे, म्हणजे त्याच्या दोन शब्दांच्या मधे कर्म बसू शकतं. कर्म नाम असेल तर ‘टर्न ऑफ द एसी’ आणि ‘टर्न द एसी ऑफ’, दोन्ही बरोबर. कर्म सर्वनाम असलं की ते मधेच बसतं: ‘टर्न इट ऑफ’. ‘फिल इट इन’, ‘पिक हर अप’, ‘कॉल इट ऑफ’ हेही तसेच. कर्म लांबलचक असेल, तर ते शेवटी ठेवलेलं बरं.

खरी गोची पुढे आहे. ‘लुक आफ्टर’, ‘लुक फॉर’, ‘रन इंटू’ तुटत नाहीत, म्हणून ‘लुक आफ्टर हिम’च. अप, डाऊन, आउट, ऑफ यांची सकर्मक क्रियापदं बहुधा तुटतात. आफ्टर, फॉर, इंटू यांची नाही. लोकलमधून उतरण्याचं ‘गेट ऑफ’ मात्र अपवाद: ‘गेट ऑफ द ट्रेन ॲट ठाणे’. रिक्षातून उतरताना ‘गेट आउट ऑफ’. ‘पुट अप विथ’सारखी तीन शब्दांची बहुतेक अखंडच राहतात.

जाता जाता: मीटिंग ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलली, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द. मेलमध्ये ही अदलाबदल फार महागात पडते.