८० हजारांत ६ वर्षं चालवायचा फोन: आयफोन १७, गॅलॅक्सी एस२५ की पिक्सेल १०?

तुमच्या प्रश्नातलं ते "एकदाच घेणार आणि ६ वर्षं परत दुकानाची पायरी चढणार नाही" वाचलं आणि लिहायला बसलो, कारण ४ वर्षांपूर्वी मी पण घरी हेच सांगून फोन आणला होता. तुमचं बजेट ८० हजार, राहायला सांगलीत, ६ वर्षं टिकेल असा फोन हवा, आणि आयफोन १७, गॅलॅक्सी एस२५, पिक्सेल १० या तिघांत गाडी अडकलीये. मी कोल्हापूरचा आहे, तरी सांगलीकराला खरं तेच सांगतो.

किमतीवर फार डोकं खपवू नका. लाँचच्या वेळचे भाव आयफोन १७ चा ८२,९००, एस२५ चा ८०,९९९ आणि पिक्सेल १० चा ७९,९९९, तिन्हीत २५६ जीबी, म्हणजे फरक पडला तर एका चांगल्या कव्हरचा आणि ग्लासचा. कार्ड ऑफर आणि एक्स्चेंज धरलं की क्रम रोज बदलतो. एस२५ जानेवारी २०२५ चा, बाकीचे दोघं ऑगस्ट-सप्टेंबरचे, त्यामुळे सेलमध्ये सगळ्यात आधी तोच खाली येतो. आणि हो, अमेरिकेतून कुणी येतंय म्हणून मागवायचा विचार असेल तर जरा थांबा. तिथे लाँचला तिन्ही ७९९ डॉलरपासून सुरू झाले, ऐकायला स्वस्त वाटतं, पण तिथल्या आयफोन १७ ला आणि पिक्सेल १० ला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं, कार्ड घालायचं नसलेलं सिम. माझ्या भाच्याने न्यू जर्सीहून वहिनींसाठी एक आणला होता, त्या दोन दिवस सिम कुठे घालायचं ते शोधत होत्या. वॉरंटीचा घोळ वेगळाच.

डिझाइनचं म्हणाल तर फोटो बघून ठरवू नका, हातात घ्या. मी राजारामपुरीतल्या दुकानात तिन्ही एकेक करून शर्टाच्या खिशात टाकून बघितले, दुकानदार हसत होता, हसू दे. एस२५ फक्त १६२ ग्रॅमचा, खिशात आहे की नाही हे चाचपून बघावं लागतं. आयफोन १७ आहे १७७ ग्रॅमचा. पिक्सेल १० पार २०४, आणि वाकलो की खिसा पुढे लोंबतो. पण तोच पिक्सेल टेबलावर ठेवून टाइप केला तर हलत नाही, कारण त्याची कॅमेऱ्याची पट्टी मागे आडवी, जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे. बाकी दोघांचे कॅमेरे एका कोपऱ्यात, त्यामुळे कव्हर नसेल तर टाइप करताना टकटक टकटक वाजतात, ऑफिसात शेजारचा वैतागतो. पिक्सेलला आणि एस२५ ला झूमची वेगळी लेन्स आहे, आयफोन १७ ला नाही. शाळेच्या गॅदरिंगला मागच्या रांगेत बसून पोराचा फोटो काढणार असाल तर हे बघाच. तिन्ही आयपी६८ आहेत, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचं मानांकन आहे, पण म्हणून आपल्याकडच्या पावसात बिनधास्त काढू नका, पाणी आत गेलं तर वॉरंटीत बसत नाही.

आता तुमचा खरा मुद्दा, ६ वर्षं. सॅमसंग (गॅलॅक्सीवाले) आणि गुगल (पिक्सेलवाले) दोघंही ७ वर्षं सॉफ्टवेअरची अपडेट देऊ म्हणतात. गुगलने हे २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून सुरू केलं, सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ पासून. ही ७ वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही बिल केलं त्या दिवसापासून नाही. म्हणजे एस२५ जानेवारी २०३२ पर्यंत, पिक्सेल १० ऑगस्ट २०३२ पर्यंत, आणि सेलमध्ये स्वस्त दिसतो म्हणून एस२४ उचललात तर एस२५ पेक्षा एक वर्ष कमीच मिळणार.

ॲपलचं उलटं आहे. ते असं छातीठोक काही सांगत नाहीत, ब्रिटनमधल्या कायद्यामुळे लिहून द्यावं लागलं तेव्हा आयफोन १५ प्रो मॅक्ससाठी कमीत कमी ५ वर्षं एवढंच लिहिलं. पण वागणं बघा. २०१८ साली आयफोन एक्सएस आला आणि त्याच वर्षी पिक्सेल ३ पण आला. पिक्सेल ३ चा खेळ अँड्रॉइड १२ वर संपला, साधारण ३ वर्षं. एक्सएसला आयओएस, म्हणजे आयफोनचं सॉफ्टवेअर, त्याचं २०२४ मधलं आयओएस १८ सुद्धा मिळालं आणि २०२५ मध्ये आयओएस २६ आलं तेव्हा कुठे तो यादीतून बाहेर पडला. सॅमसंगच्या २०१९ च्या एस१० ला पण ३ च मोठी अपडेट मिळाली होती. म्हणजे एकाने न बोलता करून दाखवलंय आणि बाकीच्या दोघांनी लेखी दिलंय पण ७ वर्षं पुरी केलेला एकही फोन त्यांच्याकडे अजून नाही, पहिला पिक्सेल ८, तो २०३० मध्ये. मला स्वतःला वाटतं ते शब्द पाळतील, एवढं जाहीर बोलून मागे फिरणं अवघड आहे, पण फरक लक्षात असू द्या.

माझं काय झालं ते सांगतो. कंपनीचं नाव नको. फोन फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सगळ्यात वरचा, वॉरंटी संपून काही महिने झालेले, एका सकाळी उठलो तर स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ, कुठे पडला नाही आपटला नाही. सर्व्हिस सेंटरला गेलो, तिथल्या पोराने फोन हातात पण न घेता "डिस्प्ले चेंज, १६ हजार" म्हणून सांगितलं. अपडेट अजून २ वर्षं येणार होती की हो! सॉफ्टवेअर तरुण आणि अंग म्हातारं. शेवटी ती रेघ घेऊनच ८ महिने काढले, व्हॉट्सॲपवर सगळ्यांचे डीपी अर्धे हिरवे.

म्हणून ६ वर्षं म्हटलं की आधी बॅटरी आणि सर्व्हिस सेंटर. बॅटरीचं गणित सोपं, एकूण १०० टक्के वापरली की एक सायकल, रोज एक धरली तरी ३ वर्षांत १००० च्या वर. ॲपल सांगतं की १५ पासून पुढच्या आयफोनची बॅटरी १००० सायकलला ८० टक्के राहील अशी बनवलीये. पिक्सेल १० मध्ये तर २०० सायकलपासून १००० पर्यंत फोन आपणहून बॅटरीचं व्होल्टेज हळूहळू कमी करतो, बॅटरी जपायला, आणि ते बंद करायची सोय नाही. एस२५ ची बॅटरी मुळात ४००० एमएएच, जास्त वापर असेल तर संध्याकाळी चार्जर शोधावाच लागतो, आणि चार्जर तिघांच्याही डब्यात येत नाही. तेव्हा कुठलाही घ्या, चौथ्या वर्षी एक बॅटरी बदलायचीच असं धरून त्याचे पैसे आत्ताच बाजूला टाका.

सर्व्हिस म्हणाल तर सॅमसंगचं सेंटर आपल्या भागात सहज सापडतं. ॲपलचं स्वतःचं दुकान तुम्हाला जवळचं म्हणजे पुण्यात कोरेगाव पार्कला, सप्टेंबर २०२५ ला उघडलं, बाकी अधिकृत सेंटरं इकडे आहेत. पिक्सेल मात्र, दुरुस्तीचा विचार करता, मी पुण्या-मुंबईत राहत असतो तरच घेतला असता, कॅमेरा कितीही आवडला तरी.

मी स्वतः एस२५ घेतला, हाताला छोटा लागतो आणि सेंटर घरापासून गाडीवर १० मिनिटं. पण तुम्ही खरंच ६ वर्षं थांबणार असाल आणि अँड्रॉइडची सवय मोडायची तयारी असेल तर आयफोन १७ घ्या, मध्येच मन बदललं तरी विकताना बरे पैसे येतात. वनप्लस १३ पण कुणीतरी सुचवेलच, ६००० ची बॅटरी, १०० वॉटचा चार्जर डब्यात, लाँचला ६९,९९९, वापरायला मजा आहे, फक्त ४ अँड्रॉइड अपडेट आणि ६ वर्षं सिक्युरिटी, आणि तीही लाँचपासून मोजली तर तुमच्या हिशोबाला थोडा कमीच पडतो.

आणि घ्यायच्या आधी एक दिवस जिथे दुरुस्तीला जावं लागेल त्या सेंटरला नुसतं जाऊन या. स्क्रीन किती, बॅटरी किती, पार्ट इथे असतो की मागवावा लागतो, एवढं विचारा. काउंटरवरचा माणूस वर न बघता उत्तर देत असेल तर दुसरा फोन बघा.