नाशिकच्या सिडकोतल्या समाजमंदिरात रहिवाशांच्या आवडीचे कार्यक्रम कसे ठरवावेत?

फॉर्म वाटू नका, लोक ‘योगा, भजन’ लिहून मोकळे होतात. घरोघरी जाऊन विचारा: तुम्हाला काय येतं, काय शिकायचंय आणि मोकळे कधी असता?

सिडकोत खरा प्रश्न वेळेचा आहे. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत पाळ्या चालतात. रोज संध्याकाळी सहाचाच वर्ग ठेवलात, तर दुसऱ्या पाळीवाला कधीच येऊ शकणार नाही. तोच वर्ग आठवड्यातून एकदा सकाळी अकरालाही घ्या. सुनांना सासूबाईंसमोर विचारू नका, मनातलं सांगत नाहीत.

सुरुवात २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी करा. तात्यासाहेबांच्या नाशकात मुलांच्या कवितावाचनाला नाही कोण म्हणेल? नंतर सतरंज्या गुंडाळायला जे थांबतील, त्यांच्यासोबत बसूनच पुढचा महिना ठरवा.