मुलगा मोर्चाला जातो, त्याला कसे थांबवू?

टेक्सासमधून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे सासर गुहागर तालुक्यातले, मुलगा सतरा वर्षांचा. त्या लिहितात, "शाळेतल्या एका कृष्णवर्णीय मित्राला पोलिसांनी विनाकारण बेड्या घातल्या, तेव्हापासून हा मोर्चांना जातो. हे म्हणतात, तो त्यांचा प्रश्न आहे, आपण इथे शिकायला आणि कमवायला आलो. त्याला कसे थांबवू?" पत्रात सासूबाईंच्या मुक्कामाविषयी आणि धाकटीच्या मराठी शाळेविषयीही विचारले आहे.

ताई, तुमची भीती मला परकी नाही. माझी मुलगी शिकागोला शिकत असताना रात्री तिचा फोन लागला नाही की मी इथे रत्नागिरीत देवापाशी दिवा लावून बसत असे. परंतु "तो त्यांचा प्रश्न" हे वाक्य मुलासमोर उच्चारले गेले आणि तुम्ही गप्प राहिलात, याबद्दल मात्र तुम्हाला चार शब्द सुनावणे मला भाग आहे.

आपल्या लोकांना त्या देशाचे दार कसे उघडले, हे मुलाला घरात कोणी सांगितले आहे का? भारतीय माणूस गोरा ठरत नाही, म्हणून १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारले. १९४६ च्या कायद्यानेही भारतीयांना वर्षाला अवघ्या शंभर जागा मिळाल्या. मग ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी चालत निघालेल्या कृष्णवर्णीयांना राज्य पोलिसांनी पुलावर लाठ्यांनी झोडपले आणि अश्रुधूर सोडला; त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदा झाला, आणि त्याच चळवळीच्या रेट्याने ऑक्टोबरमध्ये देशानुसार कोटा ठरवणारी जुनी पद्धत मोडणारा स्थलांतराचा कायदाही झाला. माझे थोरले दीर त्याच कायद्यामुळे गेले, आणि त्यांच्या मागोमाग आमचे अर्धे घर.

शिवाय लाठी उगारणारा आपले आडनाव विचारत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्याच मॅडिसन येथे मुलाकडे राहायला आलेले गुजरातचे एक आजोबा सकाळी फिरत होते. कोणा शेजाऱ्याने संशयास्पद कृष्णवर्णीय म्हणून पोलिसांना कळवले, आणि इंग्रजी न येणाऱ्या त्या माणसाला पोलिसाने असे जमिनीवर आपटले की अंग लुळे पडले. ज्यूरीचे दोनदा एकमत झाले नाही आणि अखेर न्यायाधीशांनी त्या पोलिसाला दोषमुक्त केले. याउलट, मे २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर साडेनऊ मिनिटे गुडघा रोवणाऱ्या पोलिसाला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली, कारण रस्त्यावरच्या एका मुलीने ते सारे मोबाइलवर टिपले होते. ती तुमच्या मुलाच्याच वयाची, सतरा वर्षांची होती.

आणि मुलाला आपल्या गावाचीही गोष्ट सांगा. चवदार तळ्याचे पाणी प्यायले म्हणून १९२७ साली महाडला दलितांना मारहाण झाली. माझ्या लहानपणी गावात आलेला हवालदार आमच्या आळीत माझ्या वडिलांना "अण्णा" म्हणत असे आणि बौद्धवाडीत वडिलांहून थोर माणसाला अरेतुरे करत असे. आम्ही मुले ते पाहत होतो आणि घरात त्यावर कोणी बोलत नव्हते. एप्रिल २०११ मध्ये जैतापूर प्रकल्पाच्या विरोधात साखरी नाटे येथे गोळीबार होऊन एक जण दगावला, तेव्हा तिथे दिलेल्या माझ्या मावसबहिणीचा आवाज फोनवर फुटत नव्हता. पोलिसांची भीती काय असते हे आपल्या घरांना ठाऊक आहे, ताई.

तेव्हा त्याला जाऊ द्या. एकदा त्याच्या वडिलांनीही सोबत जावे. वकिलाचा क्रमांक त्याच्या हातावर लिहून द्या. गाडी अडवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत, सांगितल्याखेरीज कप्प्यात हात घालू नये, वाद न घालता "मला वकिलाशी बोलायचे आहे" एवढेच म्हणावे. तुम्हाला अजून नागरिकत्व मिळालेले नसेल, तर अटकेचा व्हिसावर काय परिणाम होईल हे स्थलांतराच्या वकिलाला आधी विचारा.

धाकटीला मराठी शाळेत अवश्य घाला. सासूबाईंना फिरायला पाठवताना मात्र घराचा पत्ता, तुमचा फोन आणि "यांना इंग्रजी येत नाही" एवढे इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या पर्समध्ये रोज ठेवत जा.